कॅनबेरा बॉम्बर पन्नास वर्षं टिकलं ते चांगलं होतं म्हणून, की आपल्याकडे पैसे नव्हते म्हणून?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅनबेरा हे इंग्रजांचं पहिलं जेट बॉम्बर, १९४९ सालचं. स्वसंरक्षणाला बंदुका नाहीत, पंख सरळ. मग भारतीय हवाई दलात ते २००७ पर्यंत कसं चाललं? आणि शेवटी तुम्ही जोडलंय, "की पैसे नव्हते म्हणून भंगार ओढत राहिलो?"

मी इंजिन फिटर होतो. उमेदीची वर्षं लोहगावला कॅनबेराच्या स्क्वाड्रनमध्ये गेली. म्हणून शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. नाही. ज्या ब्रिटनने हे विमान बनवलं, त्याच्या रॉयल एअर फोर्सने शेवटची कॅनबेरा जुलै २००६ मध्ये निवृत्त केली. त्याच वर्षी ती अफगाणिस्तानावर फोटो काढत होती. आपण मे २००७ मध्ये आग्र्याला निरोप दिला. म्हणजे फरक वर्षभराचाही नाही. आणि अमेरिकेची नासा याच विमानाची अमेरिकी आवृत्ती, डब्ल्यूबी-५७, अजून उडवते. आता नासाकडेही पैसे नाहीत असं कुणी म्हणणार असेल तर पुढे वाचू नये.

विमान टिकलं त्याचं कारण त्याच्या पंखात आहे. ते सांगण्याआधी हे बनवलं कुणी ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की एखाद्या नामांकित विमान कंपनीतून ते आलं असेल. इंग्लिश इलेक्ट्रिक ही मुळात विजेच्या मोटर, ट्राम आणि रेल्वेची इंजिनं बनवणारी कंपनी. आपल्या मुंबई-पुणे लाइनवर पन्नासच्या दशकात आलेली डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनं याच कंपनीची. युद्धात त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशावरून हॅम्पडेन आणि हॅलिफॅक्स बॉम्बर बांधली, त्यामुळे हात तयार होते, पण त्या वेळी स्वतःचं असं डिझाइन नव्हतं. १९४४ मध्ये त्यांनी वेस्टलँड कंपनीतून टेडी पेटर नावाचा डिझायनर आणला. सुरुवातीला त्याची माणसं प्रेस्टन गावात एका मोटार गॅरेजच्या जागेत बसून काम करत होती. तिथे हे विमान कागदावर उतरलं.

पेटरचा पहिला विचार पोटात एकच मोठं इंजिन बसवण्याचा होता. तेवढ्यात रोल्स-रॉइसचं नवं अॅक्सियल (हवा सरळ रेषेत मागे दाबत नेणारं) इंजिन तयार होऊ लागलं, त्याचंच पुढे एव्हन झालं. एव्हन बारीक आणि लांब, म्हणून दोन इंजिनं दोन पंखांत गेली आणि पोट बॉम्बसाठी आणि इंधनासाठी मोकळं झालं. हे एकदा ठरल्यावर बाकीचं विमान जवळजवळ आपोआप उभं राहिलं. बंदुका न लावण्याची कल्पना मॉस्किटोची. लाकडाचं मॉस्किटो युद्धात नुसत्या वेगावर निभावून गेलं होतं. कॅनबेराने त्या वेगाला उंची जोडली. बंदूक, गोळ्या, ती चालवणारा माणूस, त्याचा ऑक्सिजन, हे सगळं वजन काढलं की विमान वर जातं. पुरेसं वर गेलं की १९५० च्या सुमाराचं कुठलंही इंग्रज लढाऊ विमान तिथे धडपणे वळूसुद्धा शकत नव्हतं. मिटिऑर या ब्रिटिश जेट फायटरचे वैमानिक सरावात याचा अनुभव घेऊन हैराण झाले होते.

सरळ पंखांबद्दल तुम्ही लिहिलंय तसं माझे साडूभाऊही बोलतात. ते पिंपरीला एका कारखान्यात इंजिनिअर होते, आणि आमचा हा वाद प्रत्येक लग्नात होतो. "मिग आणि सेबरचे पंख मागे झुकलेले, तुमचं विमान जन्मतःच म्हातारं." साहेब, पंख मागे झुकवायचे ते आवाजाच्या वेगाजवळ जाताना. कॅनबेराला तिथे जायचंच नव्हतं. पेटरने हिशेब केला की लागणाऱ्या वेगाला सरळ पंख पुरतो, फक्त तो रुंद हवा. ९६० चौरस फुटांचा पंख दिला त्याने. एवढ्या वजनाला एवढा पंख म्हणजे पातळ हवेतही विमान तोल धरतं, हळू उतरतं, छोट्या धावपट्टीवर थांबतं, आणि उद्या कुणी नाकात कॅमेरा बसवला, परवा शेपटीमागे नेमबाजीच्या सरावाचं टार्गेट ओढायला लावलं, तरी कुरकुरत नाही. झुकलेल्या पंखांची त्या काळातली किती विमानं २००६ मध्ये पहिल्या फळीच्या कामावर होती ते साडूभाऊंनी मला अजून सांगितलेलं नाही.

पहिलं उड्डाण १३ मे १९४९, शुक्रवार, वॉर्टनला. निळ्या रंगाचं प्रोटोटाइप, वैमानिक रोलंड बीमाँट. हा युद्धात टेम्पेस्ट फायटर उडवलेला माणूस. सप्टेंबरमध्ये फार्नबरोच्या प्रदर्शनात त्याने हे बॉम्बर जमिनीलगत एखाद्या फायटरसारखं फिरवलं आणि बघणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली. नाव १९५१ च्या जानेवारीत ठेवलं, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस यांच्या हातून. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल एअर फोर्सच्या बिनब्रुक तळावरच्या १०१ स्क्वाड्रनमध्ये ते दाखल झालं. नाकात रडारचं बॉम्बिंग साइट बसवायचं मूळ ठरलं होतं, पण ते वेळेत तयार झालं नाही. म्हणून काचेचं नाक दिलं आणि डोळ्यांनी नेम धरणारा तिसरा माणूस घेतला.

अमेरिकेची गोष्ट मला फार आवडते. फेब्रुवारी १९५१ मध्ये एक कॅनबेरा उत्तर आयर्लंडच्या आल्डरग्रोव्हहून न्यूफाउंडलंडच्या गँडरला वाटेत न थांबता, हवेत इंधन न घेता गेली. ४ तास ३७ मिनिटं. जेट विमानाने अटलांटिक असं ओलांडण्याची ती पहिली वेळ. त्याच महिन्यात अमेरिकेत त्यांच्याच विमानांशी तिची तुलना झाली आणि अमेरिकी हवाई दलाने परक्या देशाचं बॉम्बर निवडलं. मार्टिन कंपनीने ते बी-५७ नावाने परवान्यावर बांधलं, ४०३ नग. युद्ध संपल्यावर लगेचच्या त्या काळात अमेरिकेला परकं विमान घ्यायला लावणं ही लहान गोष्ट नव्हती. उंचीचे विक्रमही यानेच केले, १९५७ मध्ये पोटात रॉकेट मोटर बसवून ७०,३१० फूट.

आता आपलं. जानेवारी १९५७ मध्ये भारताने मागणी नोंदवली. ५४ बॉम्बर बी(आय)५८, ८ फोटो काढणारी पीआर ५७ आणि ६ प्रशिक्षणाची टी ४, पुढे आणखी काही. दुसरा पर्याय रशियाच्या आयएल-२८ बॉम्बरचा होता, आणि पाकिस्तानला अमेरिकेकडून विमानं मिळत होती. लोहगावची ३५ स्क्वाड्रन त्यातूनच कॅनबेरावर आली.

१९६१ चा डिसेंबर या विमानासाठी विलक्षण होता. ५ स्क्वाड्रनच्या कॅनबेरा तेव्हा काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याबरोबर होत्या. विंग कमांडर सुआरिस यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कोल्वेझीच्या धावपट्टीवर उभी असलेली बंडखोरांची विमानं मोडली. आणि इकडे १८ डिसेंबरला लोहगावहून १२ कॅनबेरा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याच्या दाबोळी विमानतळावर गेल्या, विंग कमांडर मेनन पुढे. मागून आणखी आठ. हुकूम असा होता की धावपट्टी फोडा, पण टर्मिनल आणि इमारतींना धक्का लावू नका, विमानतळ उद्या आपल्यालाच वापरायचाय. हवाई मोहिमेची सूत्रं पुण्यातून एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे, आणि ते स्वतः मूळ गोव्याचे. मी तेव्हा शाळेत होतो. पण लोहगावला ज्या सार्जंटच्या हाताखाली मी शिकलो ते त्या सकाळी बॉम्ब भरणाऱ्यांत होते. ते एवढंच म्हणायचे की इमारती वाचवून पट्टी फोडायला विमान सरळ रेषेत स्थिर राहावं लागतं, आणि हे राहतं. आज दाबोळीला उतरणाऱ्या पर्यटकांना हे कुणी सांगत नाही.

एव्हन इंजिन सुरू कसं करायचे ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि माझा खरा वाद तिथलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅनबेराचं इंजिन कार्ट्रिजने सुरू व्हायचं. इंजिनाच्या तोंडाशी जो बुलेटसारखा भाग दिसतो त्याच्या आत स्टार्टर. बॉम्बरच्या स्टार्टरला तीन ब्रीच, म्हणजे कार्ट्रिज बसवायचे खाने, प्रत्येकात दारूचं एक कार्ट्रिज. वैमानिकाने बटण दाबलं की ते पेटतं, त्याचा वायू छोट्या टर्बाइनला फिरवतो आणि ती इंजिनाला. मोठा दणका, काळा धूर, आणि दोन-चार सेकंदांत एव्हनची शिट्टी. सगळ्या विमानांनी एकदम स्टार्ट घेतला की आख्खा डिस्पर्सल, म्हणजे विमानं उभी करायची जागा, धुरात बुडायचा. त्या धुराचा वास युनिफॉर्ममधून धुऊनही जात नसे, आमच्या घरी सगळ्यांना तो ओळखीचा होता.

साडूभाऊ म्हणतात, जेट सुरू करायला फटाका लागतो म्हणजे मागासलेपण. मी म्हणतो, विचार करा. दाबाची हवा देणारी मोठी ट्रॉली नको. कुठल्याही उजाड धावपट्टीवर विमान उभं करा, खिशात कार्ट्रिज आहेत ना, झालं. काँगोत, घरापासून हजारो किलोमीटर लांब, ही सोय काय असते ते कारखान्यात पंचवीस फुटांवर कॉम्प्रेसर असणाऱ्याला कळणार नाही.

१९७१ नंतर काही वर्षांनी, रात्रीच्या सरावाची वेळ. माझ्या विमानाचं एक इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. दुसऱ्याचं बटण दाबलं, काही नाही. दुसरं कार्ट्रिज, काही नाही. तिसरं, तेही नाही. आता माझ्यासमोर तीन न फुटलेली कार्ट्रिज असलेला ब्रीच, आणि तो उघडायचा म्हणजे इंजिनाच्या तोंडासमोर छाती लावून उभं राहायचं. न पेटलेलं कार्ट्रिज मेलेलं आहे की आत धुमसतंय हे बाहेरून कळत नाही. म्हणून नियम असा की ठरलेला वेळ थांबायचं, मगच हात लावायचा. मी चालू इंजिन बंद करण्याची खूण केली आणि मागे सरकून उभा राहिलो.

इंजिनिअरिंगचे एक तरुण अधिकारी तिथे होते. बाकीची विमानं टॅक्सी करत निघाली होती. ते म्हणाले, तिन्ही गेली म्हणजे करंटच येत नाहीये, उघड आणि कनेक्शन बघ. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. तिन्ही एकदम खराब निघणं अवघड, बिघाड विजेचाच असणार हे मलाही दिसत होतं. पण असणार आणि आहे यात जो फरक आहे, त्याच्यासमोर माझा चेहरा होता. मी म्हणालो, साहेब, वेळ झाल्याशिवाय उघडणार नाही. ते म्हणाले, हा हुकूम आहे. मी म्हणालो, तर मग लेखी द्या.

एवढ्यात बाजूच्या दारातून नेव्हिगेटर साहेब खाली उतरले. त्यांनी विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. त्यांनी त्या अधिकाऱ्याकडे बघून फक्त म्हटलं, "हा थांबतोय तर मीही थांबतो," आणि पंखाखाली हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. त्यावर कुणाला बोलता येईना. वेळ भरल्यावर मी ब्रीच उघडला, इलेक्ट्रिशियनने कनेक्शन शोधलं, तिथेच दोष निघाला. विमान उशिरा गेलं आणि सुखरूप परत आलं.

दुसऱ्या दिवशी उशिराचं खापर माझ्यावर. करंटचाच दोष निघाला, मग थांबलास कशाला, असं मला ऐकवलं गेलं. नेव्हिगेटर साहेब माझ्या बाजूने बोलले म्हणून कागदावर काही आलं नाही, पण पुढच्या बढतीच्या वेळी ही गोष्ट कुणीतरी आठवणीने काढली, हे मला नंतर समजलं. साडूभाऊंना मी हा किस्सा सांगितला तेव्हा तेही तेच म्हणाले. "काही झालं नाही ना शेवटी? मग तो अधिकारी बरोबर होता." याच वाक्यावर आमचं आजपर्यंत पटलेलं नाही. काही झालं नाही हे आपल्याला नंतर कळतं. उघडायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि आधी जे माहीत असतं त्यावरच ठरवावं लागतं. पन्नास वर्षं विमान टिकलं त्यात पेटरच्या पंखाचा वाटा मोठा, मान्य. पण आपल्याकडे आग्रा, पुणे, गोरखपूरच्या हँगरमध्ये जी माणसं वेळ भरेपर्यंत थांबली, त्यांचा वाटा कुणी धरत नाही. उत्तर लिहायला बसलो तो त्यासाठी.

भारताने ते ओढलं का? बॉम्बर म्हणून नाही. ५ आणि १६ स्क्वाड्रन ऐंशीच्या दशकात नव्या जॅग्वार विमानांवर गेल्या. उरलेल्या कॅनबेरा फोटो काढत, टार्गेट ओढत, रडारला चकवण्याच्या सरावात कामाला आल्या, आणि या कामांना उंची आणि स्थिरताच लागते. २१ मे १९९९ ला कारगिलमध्ये स्क्वाड्रन लीडर पेरुमल फोटो काढायला गेले असताना त्यांच्या कॅनबेराच्या एका इंजिनावर क्षेपणास्त्र बसलं. दुसऱ्या इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला आणून उतरवलं. दोन इंजिनं एकमेकांपासून लांब, पंखात आहेत म्हणून एकाचा स्फोट दुसऱ्याला गिळत नाही.

आता उलट बाजूही लिहायला हवी, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल हे विमान देवाने पाठवलं होतं. इंजिनं लांब असल्याचा तोटा असा की एक बंद पडलं की दुसरं विमानाला जोरात एका बाजूला ढकलतं. वेग कमी असेल तर रडरवरचा पाय ते पेलू शकत नाही. जगभर कॅनबेराचे कितीतरी जीवघेणे अपघात खऱ्या बिघाडात झालेच नाहीत. एक इंजिन मुद्दाम बंद ठेवून उतरण्याच्या सरावात ते झाले. सुरुवातीच्या काळात शेपटीचा आडवा पंख हलवणारी विजेची मोटर आपोआप पळून विमानं नाक खाली घालून गेली, तोही डिझाइनचा दोष. उंचीचं कवच तर पन्नासच्या दशकातच फुटलं होतं. १० एप्रिल १९५९ ला, ईदच्या दिवशी, आपलं फोटोचं कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर फायटरने पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघे वाचले, पण उंच गेलं की कुणी हात लावत नाही हे तेव्हाच संपलं. १९६५ मध्ये म्हणून आपली कॅनबेरा रात्री आणि जमिनीलगत गेली. पाकिस्तानातल्या बदीनच्या रडारवर तर दिवसा.

माझा खरा राग आणखी एका गोष्टीवर आहे. त्या १९६५ च्या लढाईत दोन्ही बाजूंना एकाच पेटरचं विमान होतं, आपल्याकडे बी(आय)५८ आणि पाकिस्तानकडे मार्टिनचं बी-५७. (आपलं नॅट फायटरही त्याचंच. कॅनबेरा सेवेत येण्याआधीच तो इंग्लिश इलेक्ट्रिक सोडून फॉलंड कंपनीत गेला होता.) पण अमेरिकनांनी बी-५७ बी मध्ये वैमानिक आणि नेव्हिगेटर एकामागे एक बसवले आणि दोघांनाही इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी सीट, दिली. आपल्या बी(आय)५८ मध्ये डाव्या बाजूच्या काचेच्या बुडबुड्याखाली वैमानिकाला तशी सीट होती. नेव्हिगेटरला नव्हती. त्याने पॅराशूट लावून उजव्या बाजूच्या दारातून उडी मारायची, आणि तीही जमिनीलगत ताशी सहाशे-सातशे किलोमीटरने जाताना. मूळ तीन माणसांच्या बी २ मध्ये तिघांनाही सीट होत्या, म्हणजे जमत नव्हतं असं नाही. वैमानिकाला फायटरसारखं बसवायला नवं नाक केलं आणि त्या बदलात नेव्हिगेटरची सीट गेली. माझ्या मते कॅनबेराच्या साठ वर्षांच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट निर्णय, आणि आपण तो पैसे देऊन घेतला. साडूभाऊ या मुद्द्यावर कधी बोलत नाहीत, कारण तो त्यांना माहीतच नाही. विमानावर टीका करायची असेल तर ही करा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन. सरळ पंख आणि बंदुका सोडा.

बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात एक कॅनबेरा उभी आहे. गेलात तर उजव्या बाजूने नाकाजवळचं ते दार बघा, पॅराशूट आणि हेल्मेटसकट माणूस त्यातून किती वेळात बाहेर पडेल याचा स्वतःच अंदाज घ्या, आणि मग इंजिनाच्या तोंडातला बुलेट बघा. स्टार्टर त्याच्या आत असतो.